वर्गात ग्रीन स्क्रीन: आधी कापड आणि उजेड, मग ॲप

मुलगी उभी असते वर्गातच, हिरव्या कापडासमोर, पण व्हिडिओत ती नागपूरच्या झिरो माइलच्या खांबाशेजारून माहिती सांगताना दिसते. ॲप कापडाचा हिरवा रंग गाळतं आणि त्या जागी दुसरा फोटो दाखवतं, हीच ग्रीन स्क्रीन. ही करामत ॲपची वाटते, पण खरं काम त्याआधी कापडावर झालेलं असतं. तिथे उजेड सारखा पडला नसेल तर ॲपमध्ये कितीही खटपट करा, कडा फाटक्याच दिसतात.

गांधीबाग किंवा इतवारीतून भडक हिरवं सुती कापड आणा. बाटलीहिरवं फोनला काळसर दिसतं. सॅटिन तर नकोच, कारण चमक पडते तिथे हिरवा रंग पांढरट होतो आणि तेवढा तुकडा गाळला जात नाही. कापडाचा पन्हा (रुंदी) 44 इंची असेल तर 9 मीटर घ्या. 3-3 मीटरचे तीन तुकडे उभे जोडले की साधारण 11 फूट रुंद पडदा होतो. शिवण मागच्या बाजूला ठेवा, इस्त्री करा आणि वीतवीत अंतरावर चिमटे लावून ताणून बसवा. प्रत्येक सुरकुतीची सावली पडते, आणि ॲपला तो वेगळा रंग वाटतो.

पंखा, कूलर बंद ठेवा. कापड हललं की सावल्या हलतात, शिवाय माइकमध्ये घरघर येते. एप्रिलमध्ये हे मुलांवर लादू नका. चित्रीकरण हिवाळ्यात उरका, नाहीतर सकाळच्या शाळेत पहिल्या तासाला.

खिडक्यांचे पडदे ओढा. हिरव्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक एलईडी ट्यूब कापडाकडे तोंड करून लावा, तिसरा दिवा मुलाच्या समोरून, थोडा बाजूला. मूल कापडापासून किमान 6 फूट पुढे हवं. वर्ग लहान म्हणून दोन फुटांवर उभं केलं की कापडाचा हिरवा उजेड मानेवर आणि केसांवर चढतो, आणि हीच चूक सर्वांत जास्त होते.

फोन स्टँडवर, आडवा, मागचा कॅमेरा. चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा. चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतात) शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंद करा. आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने दिवे त्या तालात लुकलुकतात.

आता हातातल्या वस्तू पाहा. संत्र्यावरचा प्रकल्प असेल आणि मुलाने देठ-पानांसकट फळ धरलं, तर पानं गायब होतात. आंबिया बहाराच्या (संत्र्याच्या एका हंगामाच्या) फळाच्या हिरवट सालीलाही भोकं पडतात. पिकलेलं, बिनपानांचं फळ द्या. स्टीलचा पेला आणि चष्म्याची काच यांत कापडाचं प्रतिबिंब येतं. चष्मा किंचित खाली झुकवला की जातं. गणवेशच हिरवा असेल तर निळं कापड घ्या.

काइनमास्टर या व्हिडिओ जोडण्याच्या ॲपमध्ये आधी मागे दिसायचा फोटो टाका, त्यावर मुलाचा व्हिडिओ लेयर (वरचा थर) म्हणून, मग क्रोमा की, म्हणजे रंग गाळण्याची सोय, सुरू करा. रंग निवडताना कोपऱ्यातला नको, चेहऱ्याजवळच्या कापडाचा घ्या. स्लायडर हळूहळू वाढवा आणि केसांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या की एक पाऊल मागे या. कापडाबाहेरची भिंत दिसत असेल तर क्रॉप करा.

मागचे फोटो मुलांनाच काढू द्या. दीक्षाभूमीचा स्तूप टिपताना फोन मुलांच्या छातीच्या उंचीवर धरायला सांगा. ऊन डावीकडून असेल तर वर्गातला तिसरा दिवाही डावीकडेच ठेवा, नाहीतर मूल चिकटवल्यासारखं दिसतं.