जुना लेथ घेताय? या चुका टाळा

लेथ म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कातायचं यंत्र. सातपूर-अंबडचे कारखाने हाताशी असल्यामुळे नाशकात जुना लेथ मिळणं अवघड नाही. पण भंगारवाल्याकडे नुसतं ‘लेथ’ म्हटलंत तर तो लोखंड कातायचा लेथ दाखवील आणि ‘यावर लाकूडही होतं’ असं वर सांगेल. होतं, पण त्यावर हत्यार हाताने टेकवून धरायची सोय नसते, अनेक जुन्या यंत्रांचा वेग लाकडाला कमी पडतो आणि भुसा तेलात मिसळून स्लाइडवर लगदा साचतो. टूलरेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) असलेला, लाकडासाठीचाच लेथ शोधा.

तो बहुधा एखाद्या सुताराकडून येतो, पलंगाचे पाय आणि लाटणी काढून काढून जुना झालेला. मजबूत असतो, स्वस्तही. मात्र स्पिंडलला, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या दांड्याला, पुढे आटे आहेत का ते बघा. नुसता काटा असेल तर दोन टोकांत धरून लांबट कामच होईल. वाडग्याला फेसप्लेट (लाकूड स्क्रूने बसवायची चकती) किंवा चक (लाकूड जबड्यांत धरणारा) लागतो आणि तो आट्यांवर बसतो. 1 इंच व्यास आणि इंचाला 8 आटे, किंवा 33 मिमी व्यास आणि दोन आट्यांत 3.5 मिमी अंतर (पिच) असेल तर चक सहज मिळतो. भलतंच माप निघालं तर अडॅप्टर करून घ्या. आपल्या गावात टर्नरची वानवा नाही.

पैसे देण्याआधी पट्टा काढून स्पिंडल हाताने वर-खाली हलवा. खटखट जाणवली तर बेअरिंग गेलंय. बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा. लाकूड दोन बाजूंनी धरणारी दोन्ही सेंटर जवळ आणून टोकं जुळतात का पाहा. वरवरच्या गंजाचं मला काही वाटत नाही. ताजा रंग दिसला की मात्र संशय येतो.

मोटर

थ्री फेज मोटर दिसली म्हणून सौदा सोडू नका. घरच्या सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (मोटरला थ्री फेज पुरवणारा वेगनियंत्रक) लावला तर वेगही हवा तसा कमी-जास्त होतो. फक्त मोटर 230 व्होल्टला डेल्टामध्ये जोडता येते का, हे नेमप्लेट दाखवून इलेक्ट्रिशियनला विचारा. फिरताना लाकडाची वरची बाजू तुमच्याकडे आली पाहिजे. उलटी फिरली तर फेसप्लेट आट्यांवरून सुटून अंगावर येऊ शकते. थ्री फेजमध्ये मोटरला जाणाऱ्या कोणत्याही दोन तारा अदलाबदल केल्या की दिशा बदलते. सिंगल फेज मोटर नुसती घूं करत राहिली तर ताबडतोब बंद करा आणि आधी कपॅसिटर तपासून घ्या.

लेथ थरथरतो

बहुतेक जण इथे लेथला शिव्या देतात. दोष आधी लाकडात शोधा: ठोकळा वाकडातिकडा असेल तर कोपरे कापून शक्य तितका गोल करा, मगच चढवा. मग वेग कमी करा. इंचातला व्यास गुणिले आरपीएम 6000 ते 9000 मध्ये राहावं, असा जुना अंदाज आहे. म्हणजे 8 इंची वाडग्याला 750 ते 1100, आणि तोही गोल झाल्यावर. सुरुवात याच्या निम्म्याने. तरीही थरथरला तर स्टँडवर वाळूची पोती ठेवा. कांद्याची जाळीदार गोणी नको, सगळी वाळू फरशीवर येईल.

हत्यार अडकतं, झटका बसतो

यात बोथट धारेचा वाटा मोठा. सगळे पैसे लेथवर घालवून हत्यारांना धार लावायचा ग्राइंडर पुढच्या महिन्यावर ढकलणं, ही नवख्यांची सगळ्यात महागडी चूक. टूलरेस्टवर खाचा असतील तर कानशीने सपाट करा, नाहीतर हत्यार सरकताना अडखळतं. रेस्ट लाकडापासून बोटाच्या अर्ध्या जाडीइतक्या अंतरावर ठेवा आणि बटण दाबण्याआधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. हत्यार आधी रेस्टवर टेकवायचं, मग धारेचा उतार लाकडाला लावायचा आणि नंतर हळूच मूठ उचलून धार लाकडाला भिडवायची. लांबट कामाची रफिंग गाऊज (ठोकळा गोल करायची खोलगट पटाशी) वाडग्याला अजिबात नको. तिची मुठीत जाणारी शेपटी बारीक असते, मोडते. हातमोजे, ओढणी, लोंबती बाही यांपैकी काहीही नको. चेहऱ्यावर फेसशील्ड हवंच.

लाकूड

पाडलेल्या वाड्यांचं सागवान मोहात पाडतं. त्यात खिळे असतात. आधी लोहचुंबक फिरवा. बांधावरची ओली बाभूळ मिळाली तर वाडगा जाडसर कातून ठेवा, भिंत व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी. कापलेल्या टोकांना मेण लावून, भुसा भरलेल्या कागदी पिशवीत, सावलीत ठेवा. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर ठेवलात तर तडे जाणारच.