समुद्राची स्थिती सांगणारे मोबाइल ॲप कसे तयार करावे

सर्फिंगसाठी, पोहण्यासाठी किंवा गळ टाकण्यासाठी समुद्रावर जाणाऱ्या माणसाला घर सोडण्यापूर्वी तीन गोष्टी कळायला हव्यात: लाटा कशा आहेत, वारा कुठून आहे आणि भरती किती वाजता आहे. एवढेच नीट सांगणारे ॲप प्रोग्रॅमिंगची ओळख असलेल्या एकट्या माणसालाही तयार करता येते. येथे मालवणजवळच्या तारकर्लीचे उदाहरण घेतले आहे.

सुरुवात एकाच किनाऱ्यापासून करावी. अक्षांश-रेखांश गावाचे न देता समोरच्या समुद्रातील बिंदूचे द्यावेत, कारण लाटांची जागतिक संगणकीय प्रारूपे समुद्राचे कित्येक किलोमीटरचे चौकोन पाडून गणित करतात आणि जमिनीवरच्या चौकोनाला लाट नसते. तारकर्लीसाठी १६.०३ उत्तर व ७३.४० पूर्व हा बिंदू चालेल. किनाऱ्याचे तोंड पश्चिमेला आहे, हेही सोबत साठवून ठेवावे.

माहितीसाठी ओपन-मेटिओ ही सेवा सोयीची आहे. अव्यावसायिक वापरासाठी ती मोफत असून तिला एपीआय-की, म्हणजे नोंदणी करून घेण्याची सांकेतिक चावी, लागत नाही. श्रेय मात्र द्यावे लागते. तिच्या सागरी एपीआयमधून (एपीआय म्हणजे ॲपने सेवेकडून थेट माहिती मागवण्याची सोय) लाटांची उंची, दिशा, आवर्तकाल (लागोपाठच्या दोन लाटांमधले सेकंद) आणि समुद्राची पातळी तासागणिक मिळते. वारा तिच्याच हवामान एपीआयमधून घ्यावा. ॲपसाठी फ्लटर हे ॲप बनवण्याचे साधन वापरल्यास एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींचे काम होते.

यापुढची पायरी सर्वांत जपून करावी, ती म्हणजे वेळेची. टाइमझोन सांगितला नाही तर माहिती ग्रिनिच वेळेनुसार येते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. कोकणात भरती आणि ओहोटी यांत साधारण सव्वासहा तासांचे अंतर असल्यामुळे ही चूक जवळजवळ पूर्ण उलटे चित्र दाखवते: दुपारी ३ ची भरती ॲपमध्ये सकाळी साडेनऊला दिसते आणि त्या वेळी प्रत्यक्षात पाणी ओसरलेले असते. दुपारी ओहोटी आहे असे समजून कातळावर गळ टाकून बसलेल्या माणसाभोवती पाणी चढू लागेल. म्हणून विनंतीतच आशिया-कोलकाता हा टाइमझोन द्यावा आणि पडताळा कोकणातल्या जुन्या हिशेबाने घ्यावा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला ३, अष्टमीला ६, दोन्ही पक्षांत आणि दिवसातून दोनदा. तासाभराचा फरक पडला तर हरकत नाही. पाच तासांचा पडला तर चूक कोडमध्येच आहे.

समुद्राची पातळी ओपन-मेटिओमध्ये सरासरी पातळीपासून मोजलेली असते, तर छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यांचा शून्य त्याहून बराच खाली असतो. त्यामुळे ओहोटीला उणे आकडे दिसतील. वापरणाऱ्याला ते न दाखवता पाण्याचा चढउतार आलेखाने दाखवावा.

लाटांची जी उंची मिळते ती सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते; एखादी लाट तिच्या दुपटीच्या जवळपासही जाऊ शकते, हे आकड्याखालीच लिहावे. उंचीइतकाच आवर्तकालही मोठ्या अक्षरात हवा. खोल पाण्यात ६ सेकंदांची लाट सुमारे ५६ मीटर लांब असते, तर १४ सेकंदांची ३०० मीटरहून अधिक. उंची तीच असली तरी दुसरीची शक्ती दुपटीहून जास्त असते. दक्षिण हिंदी महासागरातील वादळांतून निघालेल्या अशा लांब लाटा येथे आकाश निरभ्र असतानाही पोहोचतात, म्हणून वारा नाही याचा अर्थ समुद्र शांत आहे असा होत नाही.

वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिथून येतो ती दिशा. पूर्वेचा वारा दाखवणारा बाण पश्चिमेकडे वळायला हवा, आणि हा बाण उलटा काढण्याची चूक फार सहज होते. तारकर्लीला पहाटेचा पूर्वेकडून, म्हणजे जमिनीकडून येणारा मतलई वारा लाटेचा चेहरा स्वच्छ ठेवतो; दुपारचे खारे वारे तो मोडतात. सर्फरला पहाटेचे तास वेगळ्या रंगात दाखवावेत ते यासाठी.

किनाऱ्यावर नेटवर्क अनेकदा मिळत नाही, म्हणून शेवटची माहिती फोनमध्ये साठवावी आणि ती किती वाजताची आहे हे ठळक लिहावे. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचे उंच लाटांचे इशारे शब्द न बदलता सर्वांत वर दाखवावेत. ‘सुरक्षित’ हा शब्द आणि हिरवी खूण ॲपमध्ये कुठेही ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे: किनाऱ्यालगतची पाण्याची ओढ आणि बदलते वाळूचे बांध प्रारूपाच्या कित्येक किलोमीटरच्या चौकोनात दिसत नाहीत.

ॲप लोकांच्या हाती देण्यापूर्वी किमान एक पंधरवडा रोज किनाऱ्यावर उभे राहून ते तपासावे, म्हणजे उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) दोन्ही त्यात येतात. वहीत तिथी, घड्याळातली वेळ, पाणी कुठवर आले आणि दोन लाटांमधले सेकंद लिहावेत, ॲपचा आकडा शेजारी लिहावा आणि ते पान रोज समुद्रावर जाणाऱ्या एखाद्या मच्छीमाराला दाखवून त्याचे म्हणणेही त्याच ओळीत नोंदवावे.