सामन्याच्या दिवशी संघाचे ॲप अडले तर

फुटबॉल सामन्याला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमची गॅलरी भरली की आसपासच्या मोबाइल टॉवरवर एकदम भार येतो, त्यामुळे संघाचे ॲप नुसते गरगरत राहते आणि दोष मात्र ॲपला दिला जातो. म्हणून तिकिटाचा क्यूआर कोड घरच्या वायफायवरच उघडून ठेवणे शहाणपणाचे.

घरीही ॲप अडत असेल, तर अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या स्टोरेजमध्ये जाऊन फक्त ‘क्लिअर कॅशे’ करावे. शेजारचेच ‘क्लिअर डेटा’ दाबले, तर लॉगिन पुसले जाते आणि ऐन वेळी ओटीपीची वाट पाहत बसावे लागते. संकेतस्थळ ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असे सांगू लागले, तर आधी फोनची तारीख आणि वेळ तपासावी, कारण घड्याळ चुकले की सुरक्षा प्रमाणपत्र मुदतबाह्य भासते.

कोल्हापुरात इंग्लंडच्या फुटबॉल क्लबांचे चाहतेही कमी नाहीत. तिथला दुपारी ३ चा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळी ७.३० ला, तर ऑक्टोबरअखेरीस त्यांची घड्याळे हिवाळ्यासाठी एक तास मागे गेल्यावर ८.३० ला सुरू होतो. ॲपमधील वेळ एका तासाने सरकली, ती बहुधा यामुळेच.