मोठ्या टेबलांची रचना करताना या चुका टाळा

डेटाबेसमधले टेबल संथ झाले की नवी मुले आधी मोठा सर्व्हर मागतात. टेबलाची रचना उघडून पाहण्याचे मात्र कोणाच्या मनात येत नाही.

नागपुरातील एका माल वाहतूकदाराकडे ऐन आंबिया बहारात (संत्र्यांच्या हंगामात), कळमन्याच्या बाजारात गाड्यांची रांग लागलेली असताना, एकेका काटापावतीची नोंद व्हायला कित्येक सेकंद लागू लागले. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीतल्या त्या टेबलात चार कोटींवर ओळी होत्या आणि प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची स्वतंत्र ओळख, होती ३६ अक्षरांचा, कोणताही क्रम नसलेला यूयूआयडी हा ओळखसंकेत. इनोडीबी हे मायएसक्यूएलचे साठवणीचे इंजिन ओळी प्रायमरी कीच्या क्रमानेच साठवते. की चढत्या क्रमाची असेल तर नवी ओळ शेवटच्या पानावर, म्हणजे साठवणीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यावर, जाते. नसेल तर ती १६ केबीच्या कुठल्याही पानात घुसते, जागा नसल्यास ते पान दुभंगते, आणि टेबल मेमरीत मावेनासे झाले की जवळजवळ प्रत्येक नोंदीला डिस्क गाठावी लागते. शिवाय दुय्यम इंडेक्सही (इतर रकान्यांवरचा शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली सूची) प्रत्येक ओळीमागे प्रायमरी की बाळगतो. तिथे असे सहा इंडेक्स होते, म्हणजे तीच ३६ अक्षरे एका ओळीसाठी सात ठिकाणी. आम्ही ८ बाइटांची बिगइंट ऑटो इन्क्रिमेंट, म्हणजे आपोआप वाढत जाणाऱ्या आकड्याची, की केली, यूयूआयडी १६ बाइटांच्या बायनरी रकान्यात हलवला आणि कोणीही न वापरलेले तीन इंडेक्स काढून टाकले. त्यात दोन रात्री गेल्या. सर्व्हर तोच राहिला.

इंडेक्स असलेल्या तारखेच्या रकान्यालाच शोधाच्या अटीत डेट फंक्शनमध्ये (वेळ गाळून नुसती तारीख देणाऱ्या) गुंडाळले, तर तो इंडेक्स असून नसल्यासारखा होतो. त्याऐवजी त्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून दुसऱ्या मध्यरात्रीच्या आतपर्यंत, अशी अट लिहावी.

पैसे फ्लोट या अंदाजे अपूर्णांक ठेवणाऱ्या प्रकारात ठेवू नयेत, डेसिमल या नेमका आकडा ठेवणाऱ्या प्रकारात ठेवावेत. साधा इंट हा पूर्णांकाचा प्रकार २,१४,७४,८३,६४७ वर संपतो, हे की निवडतानाच लक्षात घ्यावे. ग्राहक आणि तारीख अशा क्रमाचा इंडेक्स नुसत्या तारखेच्या शोधाला सहसा उपयोगी पडत नाही.

पार्टिशनची, म्हणजे टेबलाचे तुकडे करून ठेवण्याची, घाई मला मुळीच आवडत नाही. मायएसक्यूएलमध्ये पार्टिशनचा रकाना प्रत्येक युनिक कीमध्ये (जिच्यात तीच नोंद दोनदा चालत नाही) असावाच लागतो. त्यामुळे तारखेवर पार्टिशन केले की एकट्या पावती क्रमांकावरचे युनिक बंधन गमवावे लागते, आणि हे बहुतेकांना चूकसंदेश आल्यावरच कळते.

हजार ओळींवर कोणतीही क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडची विचारणा, धावते. म्हणून मी टेबलात आधी कोटीभर खोट्या ओळी भरतो आणि क्वेरी कशी धावेल हे दाखवणारी एक्सप्लेन ही आज्ञा चालवतो. एका दिवसाच्या पावत्यांसाठी तपासायच्या ओळींचा अंदाज कोटीच्या घरात दिसला, तर ते टेबल करणाऱ्याकडे परत जाते.