सतरावं लागलं की फाईल काढा

आपल्या इंदुरातल्या मराठी घरांत मुंज असो की बारावी, तयारी वर्षभर आधी सुरू होते. ज्या घरात बौद्धिक अक्षमता, ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल आहे, त्या घराने एवढीच तयारी मुलाच्या अठराव्या वाढदिवसाची करावी. त्या दिवशी ते कायद्याने सज्ञान होतं आणि त्याच्या वतीने केलेली आपली सही चालेनाशी होते. आम्हाला हे कळायला उशीर झाला. माझा लेक अठराचा होऊन आठ महिने उलटले होते आणि बँकेच्या खिडकीवर मी अठरा वर्षं करत आले तशी सही केली. ती परत आली. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहिते आहे. सतरावं लागल्यापासून एकेक काम हाती घेतलं तर वर्षभरात सगळं शांतपणे होतं.

सुरुवात नावापासून करा. जन्मदाखला, आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा आणि सदस्याचा क्रमांक), शाळेचा दाखला, रेशन कार्ड, पासबुक, सगळं जेवणाच्या टेबलावर पसरा आणि नाव एकेका अक्षराने वाचा. आपल्याकडे यात दोन खास अडचणी येतात. एक म्हणजे मधलं नाव. आपण मुलाच्या नावाला वडिलांचं नाव जोडून लिहितो, पण मध्य प्रदेशातल्या फॉर्मात वडिलांचा रकाना वेगळा असतो, म्हणून एका कागदावर तीन शब्द उतरतात आणि दुसऱ्यावर दोन. दुसरी अडचण ‘ळ’ची. हिंदी कागदावर काळे हमखास काले होतात. इंग्रजीतही फडके कुठे ‘पीएच’ने असतात, कुठे ‘एफ’ने. आमची फाईल एका कार्यालयातून दोनदा परत आली ती फक्त मधल्या नावामुळे, आणि दोन्ही वेळा लेकाला घेऊन रिक्षाने गेलेलो. म्हणून आधी आधार दुरुस्त करून घ्या आणि मग त्याच्याशी जुळवून समग्रची ई-केवायसी करा. बाकी कागद या दोन्हींच्या मागून येतील.

मग दिव्यांगता प्रमाणपत्र. ‘आमच्याकडे आहे की’ म्हणून थांबू नका, त्यावरची तारीख बघा. बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र लहानपणी मिळतं ते कायमचं नसतं. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी ते नव्याने करावं लागतं आणि अठराव्या वर्षीचं मात्र जन्मभर चालतं. त्यामुळे ही शेवटची तपासणी सगळ्यांत महत्त्वाची. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, म्हणजे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) यांची वाट एकच होते. फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा. तपासणी करणारा वैद्यकीय बोर्ड कोणत्या वारी बसतो आणि मानसशास्त्रज्ञ त्या दिवशी असतात का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या.

तपासणीच्या दिवसाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे आपल्याकडूनच चूक होते. बुद्ध्यांकाच्या चाचणीबरोबर सामाजिक परिपक्वतेची एक प्रश्नावली असते आणि तिची उत्तरं पालकांनी द्यायची असतात. शर्टाची बटणं लावतो का, एकटा आंघोळ करतो का, पैसे मोजून सुटे परत घेतो का, गल्लीबाहेर एकटा जातो का. मी प्रत्येक प्रश्नाला ‘हो, करतो की’ म्हणत होते. समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘ताई, पाणी कोण काढतं? साबण हातात कोण देतं? गरम-गार कोण बघतं?’ तिन्हींचं उत्तर ‘मी’ होतं. पंधरा-सोळा वर्षांच्या कष्टाने त्याला जे शिकवलं ते कमी लेखून सांगायचं नाही, हा आईचा स्वभाव झालेला असतो. पण तिथे प्रश्न एवढाच असतो की आपण घरात नसताना तो काय करतो. वाढवूनही सांगू नका, लपवूनही नको. आदल्या आठवड्यात त्याचा एक पूर्ण दिवस वहीत लिहून काढा, कोणत्या कामात किती हात लावावा लागला ते, आणि वही बरोबर न्या. डबा आणि पाणीही न्या. भुकेलं, कंटाळलेलं मूल चाचणीत गप्प बसतं.

प्रमाणपत्रावरचा अक्षमतेचा टक्का का महत्त्वाचा, तर प्रत्येक योजनेचा उंबरठा वेगळा आहे. २०१६च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात २१ प्रकारच्या अक्षमता मानल्या आहेत आणि बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात. यूडीआयडी कार्डाचा रंगही त्यावरच ठरतो: ४०च्या खाली पांढरं, ४० ते ८०च्या आत पिवळं, ८० आणि पुढे निळं. त्याच मार्गदर्शक सूचनांत सौम्य बौद्धिक अक्षमतेला ५० टक्के, मध्यमला ७५, तीव्रला ९० आणि अतितीव्रला १०० असा हिशोब आहे. आता केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन बघा. तिला ८० टक्के अक्षमता, वय १८ ते ७९ आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब या तिन्ही गोष्टी एकदम लागतात, आणि केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये आहे. म्हणजे मध्यम अक्षमतेचा, ७५ टक्क्यांचा मुलगा गरीब घरातला असला तरी त्या पेन्शनच्या बाहेर. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. मध्यम अक्षमतेचा तरुण काही स्वतःच्या पायावर उभा राहून मिळवत नसतो. राज्याची मानसिक आणि बहुविकलांगांसाठी वेगळी आर्थिक सहायता आहे. परदेशीपुऱ्यातल्या सामाजिक न्याय परिसरात जाऊन तिची चौकशी नाव घेऊन करा. नुसतं ‘पेन्शन’ म्हटलं तर ८० टक्क्यांचीच अट ऐकून परत याल.

नॅशनल ट्रस्ट या केंद्राच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्याला मात्र उत्पन्नाची अट आड येत नाही. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता हे चारच प्रकार येतात आणि विमा त्यांच्यासाठीच आहे. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, आधी कुठलीही वैद्यकीय तपासणी नाही, वयाची मर्यादा नाही. नावनोंदणीचे दारिद्र्यरेषेखाली २५० आणि वर ५०० रुपये, नूतनीकरणाचे अनुक्रमे ५० आणि २५०. पैसे खर्च केल्यावर परत मिळतात, त्यामुळे ओपीडीची चिठ्ठी आणि थेरपीची पावती मूळ प्रतीत जपा. थेरपी, ओपीडी, दाखल होणं, प्रवास यांना आतल्या आत वेगवेगळ्या मर्यादा आहेत, त्या वाचून घ्या.

साधनं किंवा शैक्षणिक किट हवं असेल तर एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. महिना २२,५०० रुपयांपर्यंत पूर्ण खर्च मिळतो, ३०,०००पर्यंत निम्मा. गेल्या तीन वर्षांत तेच साधन घेतलेलं नसावं, बारा वर्षांखालच्या मुलांना हीच अट एका वर्षाची. वडील आयकर भरत असतील तर जुन्या करप्रणालीत अवलंबित दिव्यांगासाठी ७५,०००ची वजावट आहे, ८० टक्के आणि वर असेल तर १,२५,०००ची.

आता कायदेशीर पालकत्व, म्हणजे अठरानंतरही मुलाच्या वतीने सही करण्याचा अधिकार, ज्यासाठी मी मुळात लिहायला बसले. नॅशनल ट्रस्ट कायद्यातल्या वरच्या चार प्रकारांत मूल असेल तर कोर्टात जावं लागत नाही. जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. तिच्यात जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. प्रमाणपत्र, वयाचा आणि राहण्याचा पुरावा, दोघा आईवडिलांची ओळखपत्रं, नात्याचा पुरावा आणि साक्षीदार अशी जुळवाजुळव सतराव्या वर्षीच करून ठेवा, म्हणजे अठरा पूर्ण होताच अर्ज जाईल. सख्ख्या बहीण-भावांशी मोकळेपणाने बोला, त्यांची संमती लेखी घ्या. आपण गेल्यावर कोण, हा प्रश्न जेवताना निघाला की सगळे ताट बघायला लागतात. तरी तो काढाच. आमच्याकडे धाकटी म्हणाली, ‘आई, मी आहेच, पण मला त्याच्या गोळ्यांची वेळ तरी सांगून ठेव.’ त्याच रात्री आम्ही दोघींनी गोळ्यांचा तक्ता केला.

वडील सरकारी किंवा रेल्वेच्या नोकरीतले असतील तर अवलंबित दिव्यांग अपत्याला पुढे कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. पण मुलाचं नाव आणि प्रमाणपत्र वडिलांच्या हयातीत पीपीओवर (निवृत्तिवेतनाच्या आदेशावर) चढवून घ्या. मागून हे काम फार जड जातं.

पालकत्वाचं पत्र हातात आल्यावर सहा महिन्यांच्या आत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची आणि पुढे दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. लेकाच्या नावावर सध्या एकच बचत खातं आहे, त्यामुळे आमचा हिशोब पानभरात उरकतो. पासबुक भरून आणायचं काम त्याच्याकडे असतं. यंत्रातून ते कुरकुरत बाहेर येईपर्यंत तो खिडकीजवळून हलत नाही.