अँटिगनी वाचताना आणि बसवताना या चुका टाळा

ग्रीक ट्रॅजेडीतली बाई, न्याय, सत्तेला दिलेला नकार असा विषय निघाला की एमएचा पेपर असो नाहीतर एकांकिकेची स्क्रिप्ट, गाडी येऊन थांबते अँटिगनीवरच. थांबू दे, नाटक आहेच तसं. पण मग बहुतेक लिखाण आणि बहुतेक प्रयोग एकाच ठिकाणी गंडतात: पोरगी शूर, राजा नालायक, टाळ्या. एवढंच सांगायचं असतं तर सोफोक्लीसला तेराशेच्या वर ओळी लिहायची काय गरज होती?

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. थीब्जचा राजा ईडिपस, त्याचे दोन मुलगे गादीसाठी लढतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. एटिओक्लीस शहराच्या बाजूने लढला म्हणून त्याला मानाने पुरतात. पॉलिनायसिस मात्र अर्गोसचं सैन्य घेऊन स्वतःच्याच शहरावर चालून आला होता, म्हणून नवा राजा क्रेऑन, जो त्या भावंडांचा सख्खा मामा आहे, फर्मान काढतो की याला कोणी पुरायचं नाही, रडायचंसुद्धा नाही, कुत्र्यांना आणि पक्ष्यांना खाऊ दे. बहीण अँटिगनी जाऊन त्याच्यावर माती टाकते, आणि शिक्षा म्हणून क्रेऑन तिला जिवंतपणी गुहेत कोंडतो.

आता पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक, क्रेऑनला पहिल्या एन्ट्रीपासून सिरीयलमधला व्हिलन करायचं. त्याचं पहिलं भाषण नीट वाचा. माणूस कसा आहे ते तो सत्तेवर बसल्याशिवाय कळत नाही, जो मित्राला देशापेक्षा मोठा मानतो त्याची माझ्या लेखी किंमत शून्य, असं तो म्हणतो. कालपर्यंत शत्रू वेशीवर होता, त्या संदर्भात यात खटकण्यासारखं काहीच नाही. इ.स.पू. ३४३ मध्ये प्रसिद्ध वक्ता डेमोस्थेनीसने अथेन्सच्या कोर्टात आपला राजकीय विरोधक एस्किनीसविरुद्ध बोलताना हाच उतारा वाचून दाखवायला लावला, आणि तोही चेष्टेसाठी नाही, आदर्श म्हणून! एस्किनीस आधी नट होता आणि त्याने क्रेऑनचं काम केलेलं होतं, म्हणून टोमणा असा की हे डायलॉग तू स्टेजवर म्हटलेस पण वागलास मात्र उलटा. शिवाय देशद्रोह्याला अ‍ॅटिकाच्या मातीत, म्हणजे अथेन्सच्या हद्दीत, पुरू द्यायचं नाही हा कायदा खुद्द अथेन्सचाच होता, त्यामुळे समोर बसलेल्या प्रेक्षकाला हे फर्मान ऐकून लगेच धक्का बसला असेल असं समजू नका. क्रेऑन एक पाऊल पुढे जातो तिथे गडबड आहे, तो प्रेत हद्दीबाहेर टाकत नाही, शहराजवळ उघड्यावर सडत ठेवतो. आणि सोफोक्लीसला हुकूम देणं म्हणजे काय हे बाहेरून ऐकून माहीत नव्हतं बरं का, इ.स.पू. ४४१-४४० ला तो स्वतः सेनापती म्हणून निवडून आला होता, सामोस बेटावरच्या मोहिमेत अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्याबरोबर होता, आणि हे नाटकही त्याच सुमाराचं धरतात.

म्हणजे क्रेऑन बिघडत जातो, बिघडलेला येत नाही. प्रयोगात हे दिसायचं असेल तर त्याच्या घसरणीच्या पायऱ्या शोधा, आणि गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याचशा पायऱ्या बाईवरूनच जातात. पहारेकरी येऊन सांगतो की कोणीतरी प्रेतावर माती टाकून गेलंय, तर हा विचारतो कुठल्या पुरुषाची ही हिंमत. बाई असेल हे डोक्यातच येत नाही! तो आधी पैशावर संशय घेतो, कोणीतरी लाच दिली असणार म्हणतो. मग समोर भाची उभी राहते आणि पठ्ठ्याचा तोल जातो: हिला हे पचलं तर मी पुरुष नाही, हीच पुरुष. थोड्या वेळाने, मी जिवंत असेपर्यंत बाईचं राज्य चालू देणार नाही. मुलाला, म्हणजे अँटिगनीशी ज्याचं लग्न ठरलंय त्या हायमनला, सांगतो की हरायचंच असेल तर पुरुषाकडून हरलेलं बरं. तोपर्यंत देशद्रोह, कायदा, शहर सगळं मागे पडलेलं असतं. हायमन म्हणतो एका माणसाचं असतं ते शहरच नव्हे, तर हा उलट विचारतो की शहर राज्यकर्त्याचं नसतं का? पहिल्या भाषणातला माणूस आणि हा, दोघांमध्ये साधारण पाचशे-साडेपाचशे ओळींचं अंतर आहे, आणि ते अंतर नटाला चालून दाखवायचंय. पहिल्याच सीनला आवाज चढवला तर पुढे जायला जागा कुठे राहिली?

दुसरी चूक याच्या उलट टोकाची. अँटिगनीला आजच्या मोर्चातली कार्यकर्ती करायचं, हातात बोर्ड द्यायचा बाकी ठेवायचा. ती समान हक्क मागत नाहीये हो. ती जे करते ते ग्रीक घरात बाईचंच काम होतं, प्रेताला न्हाऊ घालणं, सजवणं, रडणं. आईवडिलांना आणि भावाला मी माझ्या हातांनी न्हाऊ घातलं असं ती स्वतः सांगते. आणि बायकांच्या या रडण्याला अथेन्समध्ये राजकीय वजन होतं, उगाच नाही अथेन्सचा जुना कायदेकार सोलन याने अंत्यविधीतल्या बायकांच्या शोकावर कायद्याने बंधनं आणली असं चरित्रकार प्लुटार्क लिहून ठेवतो. म्हणजे स्फोट इथे आहे: बाईने नेमून दिलेलं काम सोडलं म्हणून ती गुन्हेगार झालेली नाही, ते काम राजाने बंद करायला सांगितलं तरी केलं आणि वर सगळ्यांसमोर हो मीच केलं म्हणाली, म्हणून झाली. तुमचं फर्मान देवांच्या न लिहिलेल्या कायद्यांच्या वरचं आहे असं मला वाटलं नाही, हे तिचं उत्तर सगळेच कोट करतात. त्याच्या मागे माती टाकलेले हात आहेत ते मात्र पोस्टरवर येत नाहीत.

पोस्टर करायच्या नादात आणखी एक उतारा हमखास कापला जातो, शेवटच्या एक्झिटच्या आधीचा. नवरा मेला असता तर दुसरा मिळाला असता, मूल गेलं असतं तर दुसरं झालं असतं, पण आईबाप गेल्यावर दुसरा भाऊ कुठून आणू, नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केलं नसतं असं ती म्हणते. वाचणारा चक्रावतो, कारण मघाशी तर सगळ्या मेलेल्यांसाठी देवाचा कायदा होता ना? जर्मन कवी गटेलासुद्धा हे इतकं खटकलं की हा भाग मागाहून घुसडलेला ठरावा अशी त्याची इच्छा होती. पण अ‍ॅरिस्टॉटल हाच उतारा देतो, म्हणजे निदान त्याच्या काळात तो नाटकात होताच. कापू नका. मरणाच्या दारात उभी असलेली, लग्नाआधीच संपणारी मुलगी आपलंच लॉजिक चाचपडत बघतेय, यापेक्षा नटीला अजून काय पाहिजे.

अँटिगनीच्या बहिणीला, इस्मेनीला, भित्री म्हणून उरकून टाकू नका. आपण बायका आहोत, पुरुषांशी लढायला जन्मलो नाही, हे ती म्हणते खरं, पण पुढे मीही यात आहे म्हणून शिक्षेत वाटा मागायला तीच येते, आणि तेव्हा तिला झिडकारते कोण तर आपली नायिका. कोरसचंही, म्हणजे स्टेजवर गाणाऱ्या-बोलणाऱ्या समूहाचंही, तसंच, ती जनता नव्हे, क्रेऑनने निवडून बोलावलेले म्हातारे आहेत ते. लोक त्या मुलीसाठी हळहळतायत ही बातमी हायमनकडून येते, तीही दबक्या आवाजातली. आणि हो, ईडिपसवरची तीन नाटकं म्हणजे ट्रिलजी नव्हे, अँटिगनी आधी लिहिलंय आणि ईडिपसच्या मरणाचं कोलोनसवालं नाटक सोफोक्लीस गेल्यानंतर इ.स.पू. ४०१ ला आलं, तेव्हा एका नाटकातला क्रेऑन दुसऱ्यात ढकलू नका.

परीक्षेत लिहिणाऱ्यांची आवडती पळवाट म्हणजे जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचं नाव घेऊन दोघंही आपापल्या जागी बरोबर असं लिहून मोकळं होणं. क्रेऑनची बाजू भक्कम आहे हे वर मीच सांगितलं, पण आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस येऊन स्पष्ट बोलतो की कुत्र्या-पक्ष्यांनी प्रेताचे तुकडे आणून वेद्या बाटवल्यात, देव प्रार्थना घेईनात. नाटक शेवटी बाजू घेतं, फक्त उशिरा घेतं आणि अँटिगनीला त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

तुलनेसाठी दुसरी नाटकं घेणाऱ्यांनी जरा सांभाळून. युरिपिडीसच्या नाटकातल्या मेडियाचं ते प्रसिद्ध वाक्य, एकदा बाळंत होण्यापेक्षा तीनदा ढाल घेऊन लढाईत उभी राहीन, टी-शर्टवर छान दिसतं, पण बोलणारी पुढे स्वतःची मुलं मारते आणि सूर्याच्या रथातून निघून जाते, शिक्षा नाही काही नाही. ती परकी आहे हेही विसरू नका. इ.स.पू. ४५१ च्या कायद्याने अथेन्समध्ये आईबाप दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक, आणि नाटक आलं ४३१ ला, तेव्हा तिच्या नवऱ्याने, जेसनने, तिला सोडणं त्या प्रेक्षकाला कसं दिसलं असेल याचा विचार करा. एस्किलसच्या ओरेस्टियात तर (इ.स.पू. ४५८) देव अपोलो भर कोर्टात म्हणतो की आई ही खरी जन्मदाती नाहीच, आणि मतं समान पडून आईला मारणारा ओरेस्टीस सुटतो. याला न्यायाचा विजय म्हणणारे मला कधी कळले नाहीत, पण फक्त बायकांचा द्वेष म्हणून सोडून देऊ नका, कारण खटल्यात हरलेल्या सूडदेवतांना देवी अथीना तसंच हाकलत नाही, शहरात घर आणि मान देऊन ठेवून घेते.

बसवणाऱ्यांसाठी एक सोय. बायकांची कामंही मुखवटे घालून पुरुषच करायचे आणि बोलणारे नट तीनच असायचे. अँटिगनी आणि हायमन एकदाही एकत्र स्टेजवर येत नाहीत, म्हणजे दोघं एकच नट करू शकतो. कास्टिंग कमी पडत असेल तर करून बघा, क्रेऑनला एकाच अंगातून आधी भाचीचा नकार आणि मग मुलाचा नकार ऐकावा लागतो.

शेवटची चूक, वेळ वाचवायला दूताचं भाषण छाटणं. टायरेसियस गेल्यावर क्रेऑन नमतो, कोरस त्याला सांगतं की जा, आधी मुलीला गुहेतून सोडव, मग प्रेतासाठी थडगं बांध. दूत येऊन सांगतो ते नीट ऐका: राजा आधी प्रेताकडे गेला, उरलंसुरलं धुतलं, दहन केलं, वर मातीचा उंच ढिगारा रचला, आणि मग गुहेकडे निघाला. तोवर तिने गळफास घेतलेला. सगळं नाटक ज्या प्रेतावरून चाललं त्याला अखेर न्याय मिळतो आणि तेवढ्या वेळात जिवंत मुलगी जाते, आणि हे क्रेऑनच्या तोंडून कुठेच येत नाही, फक्त दूताच्या त्या लांबलचक भाषणात घटनांच्या क्रमातून कळतं. छाटायचंच असेल तर दुसरं काहीतरी छाटा.