जुन्या जीन्सवर वायफाय पकडणारा अँटेना कसा बनवायचा

हा अँटेना वायफायच्या लहरींतून चिमूटभर वीज काढते, पण आधीच सांगून टाकतो बाप्पा, याच्यानं मोबाइल चार्ज होत नाही. घरचा राउटर साधारण १०० मिलिवॉट फेकते, त्यातले एक मीटरवर चांगल्या अँटेनाच्या हाती ३० मायक्रोवॉट लागले तरी खूप झाले, तीन मीटरवर गेलं की तीन-चार. एलईडी नीट पेटवायला मिलिवॉट लागते. मे महिन्यात माठ पाझरते ना, त्याच्याखाली वाटी ठेवून पाणी जमवायचं, तसा हा धंदा आहे.

वायफायच काऊन तर लहरीच्या लांबीमुळे, अँटेना तिच्या मानानंच लांब लागते. आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर लागते, ती लहर ५१२ मीटरची, तिचा पाव भाग म्हटलं तरी १२८ मीटर, सदऱ्यावर कुठं मावणार. वायफायची २.४५ गिगाहर्ट्झची लहर १२.२ सेंटीमीटर, म्हणून तिचा अँटेना तळहाताएवढ्यात बसतो.

सामान म्हणजे जुनी जीन्स, तांब्याची टेप (गोंद करंट वाहणारा असलेलीच घ्या, नाहीतर दोन पट्ट्या एकमेकीवर चिकटलेल्या दिसतात पण आतून तुटलेल्याच राहतात) आणि मागून लावायचा चार भोकांचा एसएमए कनेक्टर (अँटेनाला केबल जोडायचा छोटा स्क्रूचा जोड). जीन्स धुवून, कडक वाळवून, इस्त्री करून घ्या आणि थरावर थर ठेवून २ मिलिमीटर जाडी करा, दोन थर लागतील की तीन ते तुमच्या कापडावर. व्हर्नियरनं (जाडी मोजायच्या कॅलिपरनं) मोजताना दाबू नका. मी दाबून मोजली होती, मग सगळं गणित बोंबललं. थर कडेनं साध्या दोऱ्यानं शिवा, मध्ये गोंद ओतू नका, गोंदानं कापडाचा स्वभाव बदलते.

मागच्या बाजूला १० बाय १० सेंटीमीटर पूर्ण तांबं. ही बाजू अंगाकडे ठेवायची, तिच्यामुळेच शरीराचा त्रास अँटेनाला कमी होते. पुढच्या बाजूला तांब्याचा भरीव आयत, रुंदी ५३ मिलिमीटर, लांबी हिशेबानं ४५.५ येते (डेनिमचा डायइलेक्ट्रिक, म्हणजे कापड लहरीला किती आखडवते तो आकडा, १.७ धरून) पण तुम्ही ४७ ठेवा. कापता येते, वाढवता येत नाही. एक मिलिमीटर कापला की अँटेनाची फ्रिक्वेन्सी साधारण ५० मेगाहर्ट्झ वर चढते, आपल्याला २.४५ गिगाहर्ट्झवर थांबायचं आहे, म्हणून अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरनं जा. कनेक्टरची पिन लांबीच्या कडेपासून १५ मिलिमीटर आत, रुंदीच्या बरोबर मध्ये, मागून आरपार काढून पुढच्या तांब्याला डाग (सोल्डर) द्या. मागच्या तांब्यात पिनभोवती गोल भोक पाडायला विसरू नका, नाहीतर सरळ शॉर्ट. डाग पटकन मारा, रेंगाळलं तर टेपचा गोंद जळते.

तपासायला नॅनोव्हीएनए (अँटेना कोणत्या फ्रिक्वेन्सीला जुळला ते दाखवणारं छोटं यंत्र) पायजे, पण स्वस्तातला जुना नाही चालत, तो १.५ गिगाहर्ट्झपर्यंतच जाते. ३ गिगाहर्ट्झचा कोणाकडून मागून आणा, कॉलेजच्या लॅबमध्ये ओळख असेल तर बेस्ट.

आता खरी गंमत डायोडची, अँटेनात आलेल्या लहरीचं डीसी करंट तोच करते. मी आधी १एन४१४८ लावला, काहीच नाही. मग कोणी म्हणलं शॉटकी (कमी व्होल्टेजवर उघडणारा डायोड) लाव तर १एन५८१९ लावला, तेही शून्य, दोन दिवस डोकं धरून बसलो. त्याची कपॅसिटन्स शंभर पिकोफॅरडच्या घरात असते अन् या फ्रिक्वेन्सीला ते म्हणजे तारेचा तुकडाच, सगळं आरपार निघून जाते. पायजे एसएमएस७६३० नाहीतर एचएसएमएस-२८५२, ०.२ पिकोफॅरडच्या आतबाहेरचे. दोन डायोड, १०० पिकोफॅरडचे दोन एसएमडी (बिनतारांचे, चिकटवायचे बारीक) कपॅसिटर, साधा व्होल्टेज डबलर, म्हणजे व्होल्टेज दुप्पट करणारी जोडणी. डायोड इतका बारीक आहे की शिंकलं तर गेला, कूलर बंद करून बसा. अँटेना आणि डायोडच्या मध्ये काही नॅनोहेन्रीची कॉइल लावून जुळवणी केली तर फरक पडते, सुरुवातीला नसली तरी चालते.

डबलरच्या टोकांना मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावा आणि अँटेना राउटरपासून हातभर लांब धरा. राउटरचं ५ गिगाहर्ट्झ बंद करा आणि मोबाइलवर मोठी फाइल डाउनलोडला लावा, कारण कोणी वापरून राहिलं नसेल तर राउटर नुसता अधूनमधून हजेरी देते. डाउनलोड सुरू झालं की आकडा उड्या मारते, थांबलं की खाली बसते. अँटेना ९० अंश फिरवूनही बघा. वीज जमवायची असेल तर कमी व्होल्टेजवर सुरू होणारी बूस्टरची (व्होल्टेज वाढवणारी) तयार चिप आणि मागे १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

आणि हा अँटेना शर्टावर शिवू नका, निदान आपल्या उन्हाळ्यात तरी. पाण्याचा डायइलेक्ट्रिक ८०च्या आसपास, डेनिमचा पावणेदोन, म्हणजे बर्डीवरून (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून) घरी येईपर्यंत पाठ घामानं भिजली की फ्रिक्वेन्सी खाली घसरली. मी तो बॅगच्या झाकणावर शिवला, वरून छत्रीच्या कापडाचा एक थर. तो थर शिवल्यावर फ्रिक्वेन्सी थोडी हलते, म्हणून शेवटची कापाकापी थर ठेवूनच मोजून करा.